उद्या मरणारा माणूस आज कसा बसतो?

भुसावळच्या एका तरुण नटाचा प्रश्न आहे. तो लिहितो, ‘सर, गुंडांचे, टोळ्यांचे गाजलेले सिनेमे पाहून झाले. आता असा एक सांगा ज्यात गोळीबारापेक्षा विचार जास्त आहे, अभिनय पहिल्या दर्जाचा आहे आणि तरी त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. नटाने तो कसा पाहावा तेही सांगा.’ गेल्या मे महिन्यात हा मुलगा जळगावला माझ्या अभिनय शिबिरात होता, म्हणून अरे-तुरे करूनच उत्तर देतो.

‘द हिट’ बघ. १९८४ चा ब्रिटिश सिनेमा, लांबी ९८ मिनिटं. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स, लेखक पीटर प्रिन्स. फ्रिअर्सने त्याआधी बरीच वर्षं टीव्हीसाठी काम केलं होतं, थिएटरसाठीचा हा त्याचा दुसराच सिनेमा. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय या सिनेमाबद्दल खरं काही बोलता येत नाही. त्यामुळे शेवट आधी कळायला नको असेल तर सिनेमा बघ आणि मग हे वाच.

विली पार्कर हा लंडनचा दरोडेखोर. तो माफीचा साक्षीदार होतो आणि भर कोर्टात आपल्याच साथीदारांची नावं घेतो. साक्ष संपवून निघतो तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातले ते साथीदार एका सुरात एक जुनं गाणं म्हणायला लागतात, ‘आपण पुन्हा भेटू’ अशा अर्थाचं. शिवी नाही, धमकी नाही, नुसतं गाणं. अंगावर काटा येतो. दहा वर्षं जातात. विली आता स्पेनमधल्या एका खेड्यात राहतो, घर पुस्तकांनी भरलेलं. एक दिवस काही स्थानिक पोरं त्याला उचलतात आणि दोन इंग्रज मारेकऱ्यांच्या ताब्यात देतात. एक ब्रॅडॉक, मुरलेला, कमी बोलणारा. दुसरा मायरन, अजून कोवळा, या धंद्यात नवा. त्यांना हुकूम आहे की विलीला जिवंत पॅरिसला आणायचं. ज्याच्याविरुद्ध त्याने साक्ष दिली तो तिथे वाट बघतोय. म्हणजे सिनेमाभर एक गाडी, तीन माणसं, पुढे एक मुलगी, आणि रस्ता.

हा रस्ता खानदेशातल्या माणसाला परका वाटत नाही. मे महिन्यात धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की दोन्ही बाजूंना नांगरून उन्हात तापत पडलेली रानं दिसतात, डांबरावर मृगजळ, आणि बऱ्याच वेळाने समोर सातपुड्याची निळसर रेघ. ‘द हिट’मधला स्पेन असाच सुरू होतो, भाजलेला, सपाट, आणि हळूहळू डोंगर, झाडी, पाणी येत जातं. फ्रान्सची हद्द डोंगरात आहे. मरणाकडे जाणारी गाडी अधिकाधिक हिरव्या मुलखात शिरत जाते, हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. सुरुवातीला एरिक क्लॅप्टनचं संगीत आहे, बाकी सिनेमाभर स्पॅनिश वादक पाको दे लुसियाची गिटार. बंदूक निघते तेव्हा इतर सिनेमांत वाद्यं ओरडतात, इथे एक माणूस तारा छेडत बसलेला असतो.

आता अभिनय. तीस वर्षं जळगाव-अमळनेर पट्ट्यात मी हौशी नाटकं बसवतोय. नटाला शिकवायला सगळ्यात अवघड काय, तर शांत माणूस. राग कुणीही उभा करतो. पण नवख्या नटाला सांगा की तुझं पात्र मरणाला भीत नाही, तो लगेच पापण्या अर्ध्या मिटतो, आवाज खाली नेतो, कॅलेंडरवरच्या साधूसारखा बसतो. पात्र तिथेच विझतं. टेरेन्स स्टॅम्पने केलेला विली बघ म्हणजे ही चूक पुन्हा होणार नाही. विलीचे डोळे सतत कामात असतात. तो मुलूख बघतो, माणसं न्याहाळतो, मारेकऱ्यांशी सहलीला निघाल्यासारखा बोलतो. मायरनजवळ अधूनमधून असं एखादं वाक्य सोडतो की मायरनने ब्रॅडॉककडे संशयानेच बघावं. तो शांत राहून सतत काहीतरी करत असतो. त्याच्या हसण्याने हे दोघे अस्वस्थ होतात, आणि अस्वस्थ होतात म्हणून तो आणखी हसतो. माझ्या शिबिरात मी ‘शांत बस’ असं कधीच सांगत नाही, ‘समोरच्याला शांतपणे अस्वस्थ कर’ असं सांगतो. ते मी या माणसाकडून घेतलं.

स्टॅम्पचं आयुष्यही थोडं सांगायला हवं, कारण ते आपल्या राज्यातून गेलंय. १९३८ चा जन्म, लंडनच्या ईस्ट एंडमधला. १९६२ मध्ये पदार्पणाच्याच वर्षी ऑस्करचं नामांकन, १९६५ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक, आणि साठचं दशक सरता सरता काम जवळजवळ थांबलं. इटलीत शूटिंग चालू असताना त्याची जे. कृष्णमूर्तींशी गाठ पडली. पुढे तो भारतात आला, सत्तरच्या दशकात पुण्याला रजनीशांच्या आश्रमात राहिला. ‘सुपरमॅन’मधल्या कामासाठी बोलावणारी तार त्याला पुण्यातल्याच एका हॉटेलात मिळाली, ही आठवण तो स्वतः सांगायचा. त्यानंतर काही वर्षांनी तो विली पार्कर करतो. अनेक नट ध्यानाला बसलेला माणूस बाहेरून बघून करतात. हा स्वतः बसून आला होता, आणि बसून आलेल्या माणसाला हेही माहीत असतं की आत किती कोलाहल असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ८७ व्या वर्षी गेला. त्या आठवड्यात मी ‘द हिट’ पुन्हा लावला.

विली मरणाबद्दल जे बोलतो त्याचा मथितार्थ असा : एक क्षण असतो, आपण इथे असतो, मग नसतो, मग दुसरीकडे कुठेतरी असतो, कदाचित. श्वासाइतकं साधं आहे, मग भ्यायचं कशाला? हे ऐकताना आसोद्याच्या बहिणाबाई आठवल्या नाहीत असा खानदेशी माणूस नसेल. जगणं आणि मरणं यांत एका श्वासाचं अंतर, हे त्यांनी जात्यावर बसून सांगून ठेवलंय. पण विलीच्या बोलण्यातल्या त्या ‘कदाचित’कडे कान दे. स्टॅम्प त्याआधी किंचित थांबतो. एवढ्या पुस्तकांचा, एवढ्या विचारांचा माणूस, आणि त्याच्या पक्क्या बांधकामात ही एक वीट सैल आहे. लेखकाने ती ठेवली आणि नटाने ती झाकली नाही.

तरी माझ्या मते हा सिनेमा घडतो ब्रॅडॉकच्या चेहऱ्यावर. जॉन हर्टने ब्रॅडॉक केलाय, आणि बराच वेळ त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे. नटाचं पहिलं हत्यारच काढून घेतलेलं. मग उरतं काय? ओठांचे कोपरे, सिगारेट धरायची पद्धत, उत्तर देण्याआधीचा वेळ. हर्टचा ब्रॅडॉक थकलेला आहे. अनेक वर्षं एकच काम करणाऱ्या माणसाच्या खांद्यांत जो थकवा बसतो तो. आणि हा थकलेला माणूस सिनेमाभर ऐकतोय. विली बोलतो, मायरन बडबडतो, ब्रॅडॉक ऐकतो. आयुष्यभर त्याने माणसांना मरणाच्या दारात बघितलंय, रडताना, पाया पडताना. न भिणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलाय, आणि त्यामुळे त्याच्या हाताची सवय मोडत चाललीय.

धबधब्याचा प्रसंग त्यासाठी बघ. पहाऱ्यावरच्या मायरनला झोप लागते. ब्रॅडॉक बघतो तर विली जागेवर नाही. शोधत जातो, तर विली धबधब्यासमोर उभा राहून पाणी बघतोय. पळायला भरपूर वेळ होता, तो पळालेला नाही. हर्टच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने आश्चर्य दाखवलं असतं, भुवया वर गेल्या असत्या. हर्ट नुसता बघतो. त्या बघण्यात मला हेवा दिसतो. प्रत्येकाला तो दिसेल असं नाही, पण मला दिसतो. मारणारा माणूस मरणाऱ्याकडे हेव्याने बघतोय, आणि हे सगळं एकही वाक्य न बोलता. विचाराचा सिनेमा म्हणतात तो हाच. नुसतं मोठं बोलणं कुठल्याही व्याख्यानमालेत ऐकायला मिळतं.

माद्रिदमधल्या फ्लॅटचा प्रसंग मी शिबिरात दरवर्षी दाखवतो, तुलाही आठवत असेल. लपायला म्हणून हे तिघे तिथे जातात तर आत हॅरी नावाचा ऑस्ट्रेलियन आधीच राहतोय, सोबत मॅगी नावाची तरुण स्पॅनिश मुलगी. विलीला पाहिलं म्हणजे हॅरीचा जीव धोक्यात आला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणीच ते बोलत नाही. बिल हंटरने हा हॅरी केलाय. काय काम आहे ते! भीती वाटत असताना माणूस गप्प बसतो असा आपला समज असतो. हॅरी बोलत सुटतो. पाहुणचार करतो, हसतो, मध्येच अडखळतो, पुन्हा हसतो. आमच्याकडे एखाद्याच्या दारात वसुलीवाले येऊन बसले की घरधनी त्यांना चहा घ्या, पाणी घ्या, बसा ना, म्हणत राहतो, तसाच. ब्रॅडॉक मुलीला सोबत घेऊन निघतो, हॅरी वाचला असं वाटतं. मग ब्रॅडॉक परत वर जातो. हंटरची भूमिका जेमतेम काही मिनिटांची आहे, पण ती बघून मी माझ्या सगळ्या छोट्या भूमिका नव्याने वाटायला शिकलो. तीन वाक्यांचं पात्र मी आता मंडळातल्या सगळ्यात मुरलेल्या नटाला देतो.

टिम रॉथचा मायरन तुला सगळ्यात आधी आवडेल, वयच तसं आहे. त्याचा हा पहिलाच सिनेमा, त्याआधी टीव्हीवर काम केलेलं. केस ब्लीच केलेले, सतत चुळबूळ, कुणावरही धावून जाणार. या कामासाठी बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांचं, नवोदित म्हणून नामांकन त्याला मिळालं. माझी सूचना एवढीच की त्याची उसळी उचलू नकोस. ती आत साठलेल्या घाबरलेपणातून येते, ते आत नसेल तर नुसता दंगा उरेल. गावोगावच्या एकांकिकांत असा दंगा मी पुष्कळ ऐकलाय.

सिनेमात कच्चं काय आहे तेही सांगतो. मॅगी लिहिताना कमी पडलीय. लॉरा देल सोल जीव तोडून काम करते, पण लेखकाने तिला बहुतेक वेळ ओढून न्यायची वस्तू करून ठेवलंय. तरीही तिच्यामुळे सिनेमाला दुसरी बाजू मिळते. तिच्याकडे पुस्तकं नाहीत, तत्त्वज्ञान नाही. तिला जगायचंय, बस. ती ओरडते, झटापट करते, संधी मिळाली की पळायला बघते. ब्रॅडॉक तिला मारायचं ठरवतो आणि मारत नाही, पुन्हा ठरवतो आणि मारत नाही. विलीचं शहाणपण एका बाजूला, या मुलीचा हट्ट दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पिस्तूल धरलेला हा माणूस. पोलिसांचा पाठलागही जरा तुटक आहे, पण तिथे फर्नांडो रे आहे, जवळजवळ न बोलता भूमिका निभावून नेणारा, म्हणून ते खपून जातं.

आता शेवट. हद्द जवळ आलीय, मागे पोलीस आहेत. ब्रॅडॉक ठरवतो की पॅरिसपर्यंत थांबायचं नाही, विलीला इथेच, डोंगरातच संपवायचं. आणि इतका वेळ हसत आलेला विली कोसळतो. आज नाही, पॅरिसला, उद्या, असं ठरलंय, असं तो म्हणत राहतो. तो पळतो आणि पाठीत गोळी खाऊन मरतो.

हा प्रसंग बघून बरेच जण म्हणतात की विली ढोंगी निघाला, पुस्तकी ज्ञान शेवटी गळून पडलं. मला हे अजिबात पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगण्यासाठीच एवढं लांब उत्तर लिहितोय.

आमचे आबा, वडिलांचे थोरले भाऊ, अमळनेर तालुक्यातले शेतकरी. गळ्यात माळ, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा कधी चुकवली नाही. डॉक्टरांनी सांगितलं की आता थोडे महिने. आबांनी शांतपणे वाटण्या केल्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या, बैल कुणाकडे जाणार ते सांगितलं. भेटायला येणाऱ्यांनाच तेच धीर द्यायचे. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो आणि नट म्हणून त्यांच्याकडे बघायचो. आजही खात्रीने सांगतो, त्या शांतपणात खोटं काही नव्हतं. मग एका रात्री अचानक श्वास लागला. त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की खुणा उठल्या, आणि म्हणाले, ‘आज नको रे भो, परवा अंडेर यी ऱ्हायनी.’ परवा लेक येणार होती. पहाटे ते गेले. दारावर आलेल्या एका म्हातारीने मला म्हटलं, ‘मरन काय सांगीसन येस?’

आबांना सांगून आलेलं मरण चाललं होतं. त्याला तारीख होती, त्याच्याभोवती त्यांनी कामं लावली होती, घर आवरावं तसं आयुष्य आवरत आणलं होतं. न सांगता, दोन दिवस आधी आलेलं मरण हे वेगळंच मरण होतं. विलीचंही तेच झालंय. दहा वर्षं तो एका ठरलेल्या मरणाची तयारी करतोय : ती माणसं येतील, मला नेतील, समोरासमोर भेट होईल, मग संपेल. त्या मरणाला तो खरोखर भीत नव्हता. हे दुसरं, रस्त्यातलं, वेळेआधीचं मरण त्याच्या अभ्यासात नव्हतं. शांती खरी होती आणि भीतीही खरी आहे. दोन्ही एकाच माणसात, एका दिवसाच्या अंतराने, आणि स्टॅम्प दोन्ही तितक्याच प्रामाणिकपणे करतो. पहिल्या शांतीवर तो शेवटी पाणी ओतत नाही. म्हणून मी या सिनेमाला तत्त्वज्ञानाचा सिनेमा मानतो. एक विचार घेतला, तो मनापासून मांडला, आणि मग त्याला रस्त्यावर उभं करून तपासलं.

नंतर ब्रॅडॉक मायरनलाही मारतो. मॅगीला मात्र पुन्हा जिवंत सोडतो, आणि तीच पुढे त्याला पोलिसांना ओळखून देते. हद्दीवर त्याला गोळ्या लागतात. मरता मरता तो तिच्याकडे बघून डोळा मिचकावतो. विलीने जे शिकवलं आणि विलीला शेवटी जमलं नाही, ते ऐकणाऱ्याला जमलं का? मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर घेऊन उठतो.

आता कामाचं. पहिल्यांदा सिनेमा सलग बघ, सबटायटल लावून, कारण लंडनची बोली कानाला लवकर बसत नाही. दुसऱ्यांदा फक्त माद्रिदचा फ्लॅट, आवाज बंद करून. कोण कुणाकडे कधी बघतं ते वहीत लिही. तिसऱ्यांदा फक्त हर्ट, बाकी कुणी बोलत असलं तरी नजर त्याच्यावरच. नंतर घरी काळा चष्मा लावून आरशासमोर बस आणि कुणाला तरी दहा मिनिटं तुझ्याशी बोलायला सांग. तू उत्तर द्यायचं नाहीस, पण त्याला कळलं पाहिजे की तुझं मत बदलतंय.

शेवटचा प्रसंग करून बघताना भीती करायला जाऊ नकोस. विली तिथे मुद्दा मांडतोय. एसटी स्टँडवर उद्याचं रिझर्व्हेशन हातात असलेला माणूस कंडक्टरला जसा पुन्हा पुन्हा तिकीट दाखवतो, तसा तो ‘उद्या’ हा शब्द दाखवतोय. तू फक्त ते तिकीट दाखव, घाम आपोआप येईल. मागे स्पर्धेसाठी फाशीच्या कैद्याचं एक नाटक बसवलं तेव्हा कैद्याच्या भूमिकेतल्या मुलाला मी तालमीत पंधरा दिवस एकच तारीख सांगत राहिलो, आणि सोळाव्या दिवशी प्रसंग चालू असताना तारीख एक दिवस अलीकडे आणली, त्याला न सांगता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मग प्रयोगभर टिकली.

तू हा प्रसंग तुझ्या घरच्या बोलीत तयार कर, प्रमाण मराठीत नको. भुसावळकडची लेवा बोली असेल तर तीच. पुढच्या मे महिन्यात शिबिराला येशील तेव्हा पहिल्याच दिवशी बघू. ब्रॅडॉकच्या जागी मी बसेन.